आधी टाकीचं झाकण उघडा, मग पाकीट: दमदार गाडीसाठी पेट्रोल कसं निवडावं

दमदार गाडी दारात आली की पहिल्याच आठवड्यात तीन सल्ले हमखास मिळतात. "सगळ्यांत महागडं पेट्रोल टाक, इंजिन खूश राहील." "काही फरक पडत नसतो, साधंच टाक." आणि तिसरा, "महिन्यातून एक टाकी भारीतल्या पेट्रोलची टाकत जा, आतून साफ होतं." तिघंही आपुलकीने सांगत असतात, पण गाडी कोणती आहे हे तिघांपैकी एकानेही विचारलेलं नसतं.

पेट्रोल निवडायचं ते गाडीकडे बघून. त्यासाठी मेकॅनिक असायची गरज नाही. थोडं वाचायचं आणि थोडं ऐकायचं, एवढंच काम आहे.

पहिलं काम: स्टिकर वाचा, शब्दांसकट

टाकीचं बाहेरचं झाकण उघडलं की आतल्या बाजूला बहुतेक गाड्यांत एक स्टिकर असतो. त्यावर 91, 95, 98 असा एखादा आकडा दिसेल. हा ऑक्टेन आकडा. त्याच्या शेजारचे बारीक अक्षरांतले शब्दही आकड्याइतकेच महत्त्वाचे असतात, आणि लोक नेमके तेच सोडून देतात.

'किमान' किंवा 'फक्त' असं लिहिलं असेल तर त्याखाली उतरायचं नाही, विषय संपला. 'शिफारस' असं लिहिलं असेल तर त्याहून कमी ऑक्टेनवर गाडी चालेल, पण पूर्ण जोर लावणार नाही. काही स्टिकरांवर दोन्ही असतं: शिफारस 98, किमान 95. स्टिकर निघून गेला असेल तर मॅन्युअलमध्ये इंधनाच्या पानावर हेच सापडतं. सेकंडहँड गाडी असेल तर मॅन्युअल वाचाच, कारण झाकण आधीच्या मालकाने बदललेलं असू शकतं.

'शिफारस' या शब्दाची किंमत किती, ते एका उदाहरणावरून कळेल. माझदाने 2016 साली सीएक्स-9 ही गाडी 2.5 लिटरच्या टर्बो इंजिनासह आणली (टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा). अमेरिकेत कंपनीने तिची ताकद दोन आकड्यांत सांगितली: 87 ऑक्टेनवर 227 हॉर्सपॉवर, 93 वर 250. इंजिन तेच, फक्त टाकीतलं पेट्रोल बदललं. डॉजच्या 2018 च्या चॅलेंजर डीमनचंही तसंच. पंपावरच्या 91 ऑक्टेनवर 808 हॉर्सपॉवर आणि 100 ऑक्टेनच्या रेसिंग पेट्रोलवर 840. मात्र यासाठी कंपनीने इंजिनाच्या संगणकात वरच्या पेट्रोलचं गणित आधीच भरून ठेवलेलं असावं लागतं. ते नसेल तर वरचं पेट्रोल ओतून एक घोडाही वाढत नाही.

दुसरं काम: तो 91 कुठला 91 आहे?

नवखा माणूस इथे सर्वांत जास्त फसतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

माझ्या ओळखीतल्या एकाने बाहेरदेशातून आलेली जुनी टर्बो गाडी घेतली. झाकणावर 91, पंपावरच्या साध्या पेट्रोलवरही 91. मनात शंका यायचं कारणच नव्हतं. दोनेक महिन्यांत चढावर पिकअप मेला आणि पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज यायला लागला. प्लग बदलून झाले, एअर फिल्टर बदलून झाला, एका गॅरेजने टर्बोच गेल्याचं सांगून मोठं बिल काढायची तयारी केली. मी झाकण उघडून स्टिकरला अंगठा लावला आणि वरची धूळ पुसली. 91 च्या खाली बारीक अक्षरांत होतं: आर अधिक एम, भागिले दोन. टर्बो ठणठणीत होता. गाडी महिनोन्‌महिने हलकं पेट्रोल पीत होती.

झालं असं की ऑक्टेन मोजायच्या दोन चाचण्या आहेत. दोन्ही एकाच जातीच्या इंजिनावर होतात. त्याला एकच सिलिंडर असतो, आणि त्याचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते, इंजिन चालू असतानाच कमीजास्त करता येतं. पहिल्या चाचणीत इंजिन मिनिटाला 600 फेऱ्यांवर, तुलनेने थंड हवेवर चालवतात. त्यातून मिळतो तो आरओएन. दुसरी चाचणी खडतर असते: 900 फेऱ्या, आणि आत जाणारं हवा-पेट्रोलचं मिश्रण जवळपास 149 अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेलं. त्यातून मिळतो तो एमओएन. एकाच पेट्रोलचा एमओएन हा आरओएनपेक्षा साधारण आठ ते दहाने कमी भरतो.

युरोप, जपान, ऑस्ट्रेलिया आणि जगातल्या बऱ्याच देशांत पंपावर आरओएन लिहितात. अमेरिका आणि कॅनडात दोन्हींची सरासरी लिहितात, तिला एकेआय म्हणतात. त्या स्टिकरवरचं 'आर अधिक एम, भागिले दोन' ते हेच. म्हणून तिथला आकडा नेहमी छोटा दिसतो. ढोबळ हिशेब असा: एकेआय 87 म्हणजे आरओएन 91 ते 92, एकेआय 91 म्हणजे आरओएन 95 ते 96, एकेआय 93 म्हणजे आरओएन 98 च्या आसपास. जर्मन गाडीवर आरओझेड असं लिहिलेलं असतं, तो आरओएनच, फक्त जर्मन नावाने. जपानच्या बाजारासाठी बनलेल्या गाडीवर कधी आकडा नसतो, 'हाय-ऑक्टेन' एवढंच लिहिलेलं असतं. तिथल्या मानकात त्याचा अर्थ किमान 96 आरओएन.

गाडी कुठल्या बाजारासाठी बनली आणि पंप कुठल्या मापाने बोलतोय, हे दोन्ही जुळल्याशिवाय आकड्याला आकडा लावू नका.

ऑक्टेन म्हणजे सोशिकपणा

ऑक्टेन जास्त म्हणजे पेट्रोलमध्ये ताकद जास्त, हा समज इतका पक्का बसलाय की जाहिराती तो खोडायचा प्रयत्नही करत नाहीत. लिटरमागे ऊर्जा 91 मध्ये आणि 98 मध्ये जवळपास सारखीच असते. ऑक्टेन सांगतो तो सोशिकपणा: दाब आणि उष्णता वाढली तरी ठिणगी पडेपर्यंत आणि ज्योत पोचेपर्यंत पेट्रोल किती वेळ गप्प बसतं.

सिलिंडरमध्ये मिश्रण दाबलं जातं, प्लग ठिणगी टाकतो, आणि ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरत जाते. ती पसरत असताना कोपऱ्यात उरलेलं न जळलेलं मिश्रण आणखी दाबलं जातं, आणखी तापतं. पेट्रोल सोशिक नसेल तर ज्योतीची वाट न बघता तो कोपरा एकदम पेट घेतो. दाबाच्या लाटा सिलिंडरभर आपटतात. यालाच नॉकिंग म्हणतात, आणि डब्यातल्या खड्यांचा आवाज तो हाच. थोडं नॉकिंग इंजिन सहन करतं. जोरात आणि सतत झालं तर पिस्टनच्या कडा झिजतात, रिंगांच्या खोबणीमधला भाग तुटतो. ती दुरुस्ती पेट्रोलच्या फरकात निघत नाही.

दमदार इंजिन इथे नाजूक का, याचं उत्तर त्याच्या दमदारपणातच आहे. कॉम्प्रेशन जास्त असतं, नाहीतर टर्बो बाहेरून हवा कोंबत असतो, बहुधा दोन्ही थोडं थोडं. दाब वाढला की उष्णता वाढते, आणि सोशिक पेट्रोलची गरजही.

मोजपट्टी कशी ठरली तेही मजेशीर आहे. आयसो-ऑक्टेन नावाचं रसायन नॉकिंगला भारी विरोध करतं, म्हणून त्याला 100 दिले. नॉर्मल हेप्टेन लगेच शरण जातं, त्याला शून्य. तुमचं पेट्रोल 95 आरओएनचं म्हणजे चाचणीच्या इंजिनात ते 95 टक्के आयसो-ऑक्टेन आणि 5 टक्के हेप्टेनच्या मिश्रणासारखं वागलं. प्रत्यक्षात त्यात आयसो-ऑक्टेन तेवढं असेलच असं नाही. त्याच्यापेक्षा सोशिक पदार्थही आहेत, म्हणून शंभरावरचे आकडे शक्य होतात.

कमी टाकलं तर आणि जास्त टाकलं तर

आजच्या गाड्यांत इंजिनाच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर बसवलेला असतो. तो ब्लॉकची थरथर ऐकतो. नॉकिंगचा विशिष्ट सूर कानावर पडला की इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, ठिणगी थोडी उशिरा टाकायला लागतो. टर्बो असेल तर बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब, तोही आवरतो. इंजिन वाचतं, पण पिकअप मंदावतो, एक्झॉस्ट जास्त तापतो आणि त्याला थंड ठेवायला ईसीयू कधी कधी जादा पेट्रोल फवारतो. म्हणजे स्वस्त पेट्रोल टाकून वाचवलेले पैसे अ‍ॅव्हरेजमधून परत जातात. सेन्सर नॉकिंग झाल्यावर सावध होतो, आधी नाही, हेही लक्षात असू द्या.

उलट बाजूला, गाडीला 91 आरओएन पुरत असताना 98 टाकलं तर ईसीयू ठिणगी आपल्या नकाशातल्या, म्हणजे आत भरून ठेवलेल्या हिशेबातल्या, कमाल मर्यादेपर्यंतच लवकर टाकतो. त्यापुढे जागाच नसते. नुकसान काहीच नाही, पैसे मात्र गेले. दिसायला स्पोर्टी पण आत साधं, बिनटर्बोचं, माफक कॉम्प्रेशनचं इंजिन असलेल्या गाड्यांचे मालक यात सर्वांत जास्त पैसे घालवतात. बोनेटवर पट्टे आहेत म्हणून इंजिनाची भूक बदलत नाही.

कॉम्प्रेशनच्या आकड्यावरून ऑक्टेन ठरवायचा जुना ठोकताळाही आता फारसा चालत नाही. माझदाच्या स्कायअ‍ॅक्टिव्ह इंजिनाने 14:1 कॉम्प्रेशन ठेवूनही 95 आरओएनवर भागवलं, कारण एक्झॉस्टची आणि फवाऱ्याची रचना तशी केली होती. जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनात 14:1 म्हणजे आत्महत्या. म्हणून फोरमवर वाचलेल्या कोष्टकापेक्षा स्टिकरवर विश्वास ठेवा.

स्टिकरवर 'शिफारस 98, किमान 95' असेल तर माझं मत असं: रोजचं ऑफिसचं अंतर रेंगाळत कापायचं असेल तर 95 बिनधास्त टाका. उन्हाळ्याच्या दुपारी लांबचा चढ, गाडीत पाच माणसं आणि सामान, किंवा ट्रॅकवर जायचं असेल तर 98. हवा तापली आणि भार वाढला की इंजिनाची ऑक्टेनची मागणी वाढते. उंच डोंगराळ भागात हवा विरळ असते, त्यामुळे बिनटर्बोच्या इंजिनाला तिथे थोडं कमी ऑक्टेन चालून जातं. टर्बो ती विरळ हवा भरून काढतो, म्हणून टर्बोवाल्यांनी हा नियम स्वतःला लावून घेऊ नये.

इथेनॉलचं काय करायचं?

पंपावर ई5, ई10, ई20, ई85 अशी चिठ्ठी दिसते. पुढचा आकडा म्हणजे पेट्रोलमध्ये इथेनॉल जास्तीत जास्त किती टक्के आहे. यावर भांडणं फार होतात, आणि दोन्ही बाजूंचं अर्धं अर्धं खरं असतं.

इथेनॉल स्वतः फार सोशिक आहे, आरओएन 108-109 च्या घरात. वाफ होताना ते बरीच उष्णता ओढून घेतं, त्यामुळे सिलिंडर थंड राहतो. ताकदीच्या दृष्टीने हे वरदानच. कोनिगसेगची येस्को साध्या पेट्रोलवर 1280 हॉर्सपॉवर देते आणि ई85 वर 1600.

दुसरी बाजू अशी की लिटरमागे इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश. ई10 वर अ‍ॅव्हरेज तीनेक टक्क्यांनी पडतं, ई85 वर पाव भागाहून जास्त. पेट्रोल पूर्ण जाळायला वजनाने 14.7 पट हवा लागते, निव्वळ इथेनॉलला 9 पट. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त फवारावं लागतं. त्यासाठी इंजेक्टर आणि पंप तेवढ्या क्षमतेचे हवेत. साध्या गाडीत ई85 ओतलं तर ईसीयूची दुरुस्तीची मर्यादा संपते, मिश्रणात इंधन कमी पडतं आणि भाराखाली इंजिन धोक्यात येतं. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सीलही इथेनॉलने खराब होऊ शकतात.

तेव्हा मॅन्युअलमध्ये इथेनॉलची कमाल मर्यादा शोधा आणि ती पाळा. ऑक्टेन आणि इथेनॉल या दोन वेगळ्या अटी आहेत, दोन्ही एकदम पुऱ्या व्हायला हव्यात. पंपावर लिहिलेला ऑक्टेन इथेनॉल मिसळल्यानंतरचाच असतो, त्यात आपल्या मनाने आणखी भर घालू नका.

साफसफाई, बाटल्या आणि इतर मोह

पेट्रोलमधले डिटर्जंट खरे उपयोगी असतात, मुख्यतः इंजेक्टर स्वच्छ ठेवायला. काही गाडीकंपन्यांनी मिळून 2004 साली 'टॉप टिअर' नावाचं मानक आणलं ते याचसाठी. त्यात बसणाऱ्या ब्रँडला ते डिटर्जंट साध्या पेट्रोलमध्येही घालावे लागतात. म्हणजे स्वच्छतेसाठी ऑक्टेन वाढवायची गरज नाही. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडतं, इनटेक व्हॉल्व्हला शिवतच नाही. त्या व्हॉल्व्हवर साचलेला कार्बन कुठल्याही पेट्रोलने धुऊन निघणार नाही, तो गॅरेजमध्येच काढावा लागतो.

ऑक्टेन बूस्टरच्या बाटलीवर '5 पॉइंट वाढवते' असं वाचलं की लोकांना वाटतं 91 चं 96 होणार. बऱ्याच बाटल्यांच्या भाषेत एक पॉइंट म्हणजे एका ऑक्टेनचा दहावा भाग. 91 चं 91.5 झालं! काही बूस्टरांत मँगनीज असतं, त्याचा तांबूस थर प्लगवर चढतो. विमानाचं 100 ऑक्टेनचं पेट्रोल मिळवून टाकणारे महाभागही आहेत. त्यातल्या नेहमीच्या प्रकारात शिसं असतं, आणि शिशाने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणारा भाग) आणि ऑक्सिजन सेन्सर दोन्ही निकामी होतात. 1921 साली टॉमस मिजली यांनी शिशाने नॉकिंग थांबतं हे शोधलं, आणि रस्त्यावरच्या पेट्रोलमधून ते शेवटच्या देशातून जायला 2021 उजाडलं. शंभर वर्षांनी सुटलेली ब्याद हौसेने घरी आणू नका.

पेट्रोलच्या रंगावर जाऊ नका, तो वरून घातलेला असतो. पंप मात्र गर्दीचा निवडा. महागडं पेट्रोल मुळातच कमी खपतं, आणि सामसूम पंपावरच्या टाकीत ते किती दिवस पडून आहे कुणास ठाऊक.

पहिल्या काही टाक्या: तपासायचं कसं

एका टाकीवरून निकाल लावू नका. जुनं पेट्रोल तळाशी उरलेलं असतं आणि ईसीयूला नव्या पेट्रोलशी जुळवून घ्यायला थोडं चालवावं लागतं. सलग दोन-तीन टाक्या एकाच प्रकारच्या, शक्यतो एकाच पंपावरच्या भरा. मग इंजिन पूर्ण तापल्यावर ओळखीच्या चढावर जा, खिडकी खाली करा, रेडिओ बंद, तिसऱ्या गिअरमध्ये दोन-अडीच हजार फेऱ्यांवरून अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू दाबत न्या. बाजूला भिंत असेल तर आवाज परत येतो, ऐकायला सोपं जातं. खडखड आली तर पाय काढा आणि पुढच्या वेळी वरचं पेट्रोल भरा.

डायग्नोस्टिक सॉकेटला लावायचा छोटा स्कॅनर असेल तर आणखी बरं. 'इग्निशन टायमिंग' (ठिणगी कधी पडते) आणि गाडी दाखवत असेल तर 'नॉक रिटार्ड' (नॉकिंगमुळे ती किती उशिरा ढकलली) बघा. त्याच चढावर, तेवढ्याच भाराला, दोन पेट्रोलांमध्ये टायमिंग तीन-चार अंशांनी मागे जात असेल तर गाडीला वरचं पेट्रोल खरंच हवंय. काहीच फरक नसेल तर स्टिकरच्या किमान आकड्यावर राहा.

एक आवाज वेगळा ओळखा. टर्बो गाडी वरच्या गिअरमध्ये, अगदी कमी फेऱ्यांवर असताना एकदम पाय दाबला आणि आतून एकच जोरदार ठोका आला, तर तो नेहमीच्या नॉकिंगचा भाऊ असला तरी स्वभावाने वेगळा आहे. ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं, आणि त्यात इंजिन ऑइलचे थेंब कारणीभूत असतात. पेट्रोल बदलून तो पुरता जात नाही. गिअर खाली घ्या आणि ऑइल एपीआय एसपी दर्जाचं (हे डब्यावर लिहिलेलं असतं), मॅन्युअलमध्ये सांगितलेलं वापरा.

चुकून हलकं भरलं गेलं तर

घाबरायचं कारण नाही. मिसळलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन साधारण सरासरीने निघतो. टाकीत 20 लिटर 91 आहे आणि वर 30 लिटर 98 टाकलं, तर 1820 अधिक 2940 भागिले 50, म्हणजे 95.2. तोवर पाय हलका ठेवा, चढावर गिअर खाली घ्या, बूस्टची मजा पुढच्या टाकीवर ढकला. पेट्रोलऐवजी डिझेल गेलं असेल तर मात्र किल्लीही फिरवू नका. गाडी ढकलून बाजूला घ्या आणि टाकी रिकामी करून घ्या.

ज्यांनी रीमॅप करून घेतलाय, म्हणजे जास्त ताकदीसाठी ट्यूनरकडून ईसीयूचा नकाशा बदलून घेतलाय, त्यांना ही सूट नाही. रीमॅप 98 वर केला असेल तर स्टिकरवरचं 'किमान 95' तुमच्यासाठी संपलं. ट्यूनरकडून कुठल्या पेट्रोलवर, किती इथेनॉलवर नकाशा केलाय ते लिहून घ्या आणि झाकणाच्या आत चिकटवा. गाडी पुढे विकली तर नव्या मालकावर उपकार होतील.

आणि गाडी फक्त सुट्टीला बाहेर निघत असेल तर ती उभी कशी ठेवता तेही बघा. पेट्रोल महिन्यागणिक जुनं होतं, हलके भाग उडून जातात, चिकट राळ तयार होते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि पाणी पुरेसं जमलं की इथेनॉलसकट खाली बसतं. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन त्याबरोबर घसरतो, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. दोन-तीन महिन्यांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर कमी इथेनॉलचं ताजं पेट्रोल भरून टाकी फुल्ल ठेवा, म्हणजे वर हवेला जागा कमी राहते. फ्युएल स्टॅबिलायझर घालायचा तर भरतानाच घाला आणि मग दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवून आणा, म्हणजे तो पाइपांपर्यंत आणि इंजेक्टरांपर्यंत पोचतो.